मोटारगाडीतील हवा गाळणी
मोटारगाडीच्या प्रवासी कक्षात बाहेरून येणाऱ्या हवेतील धूळ, परागकण, तंतू, काजळी इ. कण अडविणारे साधन. एंजिनातील ज्वलनासाठी लागणारी हवा स्वच्छ करणारी गाळणी निराळी असून ती एंजिनाजवळ असते. तिची निगा सेवाकेंद्रात सहसा घेतली जाते. कक्षातील गाळणी मात्र दृष्टिआड असल्याने दुर्लक्षित राहते.

रचना व कार्य : न विणलेल्या कृत्रिम तंतूंचा पत्रा घड्या घालून चौकटीत बसविलेला असतो. घड्यांमुळे थोड्या जागेत मोठे क्षेत्रफळ मिळते. मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, तर अतिसूक्ष्म कण वेड्यावाकड्या गतीमुळे तंतूंना चिकटतात. पुष्कळ गाळण्यांच्या तंतूंवर स्थिर विद्युत् भार दिलेला असतो व त्यामुळेही बारीक कण ओढले जातात. काही गाळण्यांत सक्रियित कार्बनाचा थर असतो. तो दुर्गंधी व काही वायू पृष्ठभागावर धरून ठेवतो. कार्बन मोनॉक्साइड वायू मात्र या गाळण्यांनी अडत नाही. २·५ मायक्रॉनपेक्षा (१ मायक्रॉन = ०·००१ मिमी.) लहान कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचत असल्याने आरोग्यास विशेष घातक असतात. ते कितपत अडतील, हे गाळणीच्या प्रतीवर अवलंबून असते.

बदलाचा काळ : उत्पादक सामान्यतः १५,००० ते २०,००० किमी. किंवा एक वर्ष अशी मुदत सांगतात. परंतु ती सर्वत्र सारखी लागू पडत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावाच्या परिसरात उन्हाळ्यात शेतरस्त्यांवरील काळ्या मातीची धूळ, सोयाबीनच्या मळणीतील भुसा व हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात. अशा ठिकाणी मुदतीची वाट न पाहता मळणीचा हंगाम संपल्यावर आणि पावसाळ्यापूर्वी गाळणी पाहणे श्रेयस्कर. झोत मंदावणे, पंख्याचा आवाज वाढूनही हवा कमी येणे, कुबट वास येणे व पावसात काचेवरील बाष्प लवकर न जाणे ही गाळणी तुंबल्याची लक्षणे होत. त्यांपैकी शेवटचे थेट सुरक्षिततेशी निगडित आहे, कारण धुरकट काचेतून चालकास रस्ता नीट दिसत नाही.

बदलण्याची रीत : पुष्कळ गाड्यांत गाळणी चालकाशेजारील आसनासमोरच्या कप्प्यामागे असते, काहींत ती पुढच्या काचेखालील जाळीमागे असते. म्हणून प्रथम गाडीची माहितीपुस्तिका पाहावी. काही स्वस्त नमुन्यांत कारखान्यातून गाळणी बसविलेलीच नसते व नुसती रिकामी खाच असते. गाडी बंद करून कप्पा रिकामा करावा. त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अडकण सुटून तो खाली झुकतो. कप्प्याला दोरी वा दट्ट्या जोडलेला असल्यास तो आधी हलकेच सोडवावा. मागील झाकणाच्या खिट्ट्या दाबून झाकण काढावे. जुनी गाळणी ओढून काढण्यापूर्वी तिच्यावरील बाणाची दिशा ध्यानात ठेवावी व ती सावकाश आडवी बाहेर घ्यावी, म्हणजे साचलेला कचरा पंख्यात पडत नाही. खाच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. नवी गाळणी त्याच दिशेने, कडांना फट न राहता बसवावी; फट राहिल्यास हवा न गाळताच आत शिरते. शेवटी पंखा सर्व वेगांवर चालवून पाहावा. या कामास सामान्यतः पाव तास पुरतो व बहुधा हत्यारे लागत नाहीत. तोंडावर फडके बांधणे इष्ट होय.

पंक्चरच्या दुकानातील दाबयुक्त हवेने जुनी गाळणी झाडून पुन्हा बसविण्याची रीत प्रचलित आहे. तीत ढोबळ धूळ निघते. पण तंतू विसकटतात, सूक्ष्म कण आतच राहतात आणि उडालेली धूळ झाडणाऱ्याच्याच श्वासात जाते. कागदी वा कृत्रिम तंतूंची गाळणी पाण्याने धुतल्यास विद्युत् भारही नाहीसा होऊ शकतो. धुता येण्याजोगी असा स्पष्ट निर्देश असलेल्या गाळण्याच तेवढ्या याला अपवाद आहेत.

धुळीच्या रस्त्यावर आतलीच हवा फिरविण्याची कळ वापरल्यास गाळणीवरील भार कमी होतो. तथापि ती फार वेळ चालू ठेवल्यास कक्षात कार्बन डाय-ऑक्साइड व बाष्प साचत असल्याने रस्ता स्वच्छ होताच बाहेरची हवा पुन्हा आत घ्यावी.