शिकवणीचा तास केवढ्याचा?

विद्येचा भाव करू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ऐकायला छान वाटतं. पण कॉलेज करता करता चार पोरांना गणित शिकवणाऱ्या मुलीला किराणावाला काही विद्येच्या बदल्यात साखर देत नाही.

आमच्या दारव्ह्यात अशा शिकवण्या घेणारी कॉलेजची मुलंमुली बरीच आहेत. शाळेच्या शिक्षकांनी खासगी शिकवणी करू नये, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ सांगतं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या पन्नासाहून जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी. घरातल्या सतरंजीवर चालणाऱ्या शिकवणीचा दर मात्र कुठल्याच कागदावर नाही. तो तोंडी ठरतो आणि बहुधा संकोचातच ठरतो. "काय द्यावं बाई तुले?" "द्या तुम्हाला वाटेल ते." झालं, व्यवहार संपला! आमच्याकडे कुरआन शिकवायला घरी येणाऱ्या हाफिजसाहेबांना हदिया देतात. रक्कम कुणी बोलत नाही. त्या अबोलपणात त्यांचा महिना कसा निघतो, ते त्यांनाच ठाऊक.

मोहल्ल्यातली एक विद्यार्थिनी मला विचारत होती, "चाचा, महिन्याचे सहाशे मागितले तर जास्त होतील का?" मी म्हटलं, "बेटा, आधी तासाचे किती पडतात ते काढ." सहावीतला एक मुलगा, रोज एक तास, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे तासाला २३ रुपये. तिला बरं वाटलं. मग विचारलं, जायला-यायला किती लागतं? वीस मिनिटं. आदल्या रात्री उदाहरणं सोडवून बघतेस? पंधरा मिनिटं. म्हणजे एका तासाच्या शिकवणीला तिची ९५ मिनिटं जातात, महिन्याचे ४१ तास. ६०० रुपयांत तास पंधराचाही पडेना.

हे कमी की जास्त, ते कशावर ठरवायचं? मला एक माप सोयीचं वाटतं. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. शिकवणीचा दर याच्या खाली जाऊ नये. दहावीचं गणित-विज्ञान असेल तर वरच जायला हवा.

पण ३९ ने ४१ तासांना गुणलं की १६०० होतात. ज्या घरातली माणसं दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जातात, त्यांनी एका लेकरासाठी एवढे कुठून आणावे? त्यांच्यावरही अन्याय नको. मग एका घरी तीन मुलं बसवावी. प्रत्येकी ६०० म्हणजे १८००, तासाला जवळपास ४४. मात्र इयत्ता जवळजवळच्या हव्यात. सहावी, आठवी, दहावी एकत्र बसवली तर तयारी तिप्पट होते आणि हिशेब पुन्हा बिघडतो.

मुलींना हटकून कमी देतात, हेही बोललं पाहिजे. "नाही तरी घरीच बसली असते," हे कारण मी स्वतः ऐकलं आहे. ती घरी बसलेली नसते, तिची स्वतःची परीक्षा असते.

शिकता शिकता कमावण्यात कमीपणा कसला? साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ पासून 'कमवा आणि शिका' चालवलं. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनीही, १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, मुंबईत खासगी शिकवण्या केल्या होत्या.

बाकी गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घ्याव्या. मुलगा आला नाही तर तो तास मोजायचा, आपण गेलो नाही तर भरून द्यायचा. मार्कांची हमी द्यायची नाही. एखाद्या लेकराला फुकट शिकवायचं असेल तर खुशाल शिकवावं, पण त्यासाठी सगळ्यांचा दर पाडू नये. आमच्याकडे पैसा हंगामावर येतो, त्यामुळे उधारी टळत नाही.

ती मुलगी आता तिघांना शिकवते. त्यातल्या एका घराने सांगितलं, "सोयाबीन निघालं का देतो." तिने होकार दिला. मात्र वहीत महिना आणि रक्कम लिहून मुलाच्या आईची सही घेतली.