हिपॅटायटिस बीच्या प्रसाराची गणितीय प्रतिमाने

हिपॅटायटिस बी या विषाणुजन्य यकृतरोगाचा संसर्ग लोकसंख्येत कसा पसरतो आणि लसीकरणामुळे तो किती व किती काळात घटतो, याचे समीकरणांच्या साहाय्याने केलेले वर्णन म्हणजे या रोगाची गणितीय प्रतिमाने होत. कर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या साथरोग प्रतिमानाचा हा विस्तार आहे.

== रचना ==
मूळ प्रतिमानात लोकसंख्येचे ग्रहणक्षम, संसर्गित आणि रोगमुक्त असे तीन गट असतात. हिपॅटायटिस बीसाठी ते अपुरे पडतात. कारण संसर्ग झालेल्यांपैकी काही जण बरे न होता दीर्घकाळ, बहुधा लक्षणांविना, विषाणूचे वाहक राहतात. म्हणून तीव्र संसर्ग आणि वाहक असे दोन वेगळे गट धरले जातात, तसेच बाधित मातेपासून जन्माच्या वेळी होणारा संसर्गही समीकरणांत घेतला जातो. एका गटातून दुसऱ्या गटात जाण्याचा वेग अवकल समीकरणांनी दर्शवतात.

== वयाचा परिणाम ==
जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बालकांत तो कायमचा होतो. प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. या एका फरकाने सारे गणित बदलते. उदाहरणार्थ, तीव्र संसर्ग ३ महिने टिकतो, वाहकाची संसर्गक्षमता त्याच्या एक षष्ठांश आहे आणि ती ३० वर्षे राहते, असे मानू. तीव्र संसर्गाच्या महिन्याला एक एकक धरल्यास तीव्र अवस्थेचे योगदान ३ आणि वाहक अवस्थेचे ६० एकके येते. १०० बालके बाधित झाल्यास एकूण योगदान ५,७०० एकके होते, तर १०० प्रौढांचे जास्तीत जास्त ६००.

यातून एक चक्र निर्माण होते. वाहक जितके अधिक, तितका संसर्ग लहान वयात होतो. आणि तो जितका लहान वयात होतो, तितके वाहक वाढतात. संसर्गाच्या दरातील किरकोळ फरकानेही दोन प्रदेशांतील वाहकांच्या प्रमाणात मोठी तफावत का पडू शकते, हे यावरून समजते. जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीची पहिली मात्रा देण्यामागेही हेच कारण आहे: ती हे चक्र सर्वांत परिणामकारक ठिकाणी तोडते.

== चीनमधील अनुभव ==
चीनमध्ये १९९२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ९.७५ टक्के लोकांत विषाणूचे पृष्ठभागीय प्रतिजन आढळले होते. त्याच वर्षी नवजात बालकांसाठी लसीकरणाची शिफारस झाली. २००२ पासून लस मोफत मिळू लागली. २००६ च्या सर्वेक्षणात एकूण प्रमाण ७.१८ टक्क्यांपर्यंतच उतरले होते, मात्र पाच वर्षांखालील मुलांत ते ०.९६ टक्के होते. पहिल्या आकड्यावरून कार्यक्रम फसला असे वाटण्याचा संभव आहे. परंतु लस आधीच्या वाहकांना बरे करत नाही. त्या पिढ्या हयात असेपर्यंत एकूण प्रमाण संथपणेच घटते, असे प्रतिमानेही दाखवतात. यकृताच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंतील घट तर त्याहूनही उशिरा दिसते, कारण संसर्ग आणि कर्करोग यांत अनेक दशकांचे अंतर असते.