मांजराचं हृदय : खानदानी दुखणं

हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होणं (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी) हा मांजरांचा सर्वांत नेहमीचा हृदयविकार. मेन कून जातीतला जनुकदोष २००५ मध्ये सापडला, रॅगडॉलमधला २००७ मध्ये. दोन्ही ‘एमवायबीपीसी३’ जनुकात. याच जनुकातला एक वेगळा दोष सुमारे ४ टक्के भारतीय माणसांतही आहे! पर्शियनला हा विकार होतो, पण वरच्या दोन दोषांच्या जनुकचाचण्या तिच्या उपयोगाच्या नाहीत. स्टेथोस्कोपला काही ऐकू आलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. खरं निदान इकोवरच (हृदयाच्या सोनोग्राफीवरच). मेन कूनचं पिल्लू घेताना आई-बापांच्या जनुकचाचणीचे आणि इकोचे अहवाल मागा. घरच्या मांजराचे झोपेतले श्वास मोजा : मिनिटाला ३०च्या वर सातत्याने भरले, तर लगेच पशुवैद्यक गाठा.