पाय आखडण्याआधी



भातकापणी उरकली की आम्ही जोयडा तालुक्यातल्या वाड्यांवर भेटीला निघतो. कुणबी असो, सिद्दी असो वा गवळी, एखाद्या घराच्या पडवीत गोधडीवर बसलेले एक मूल दिसते. बाकीची पोरे रानात हुंदडत असतात. हे मात्र गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. "त्याला त्रास नको म्हणून बसवून ठेवतो, फादर," आई सांगते. माया खरी आहे, पण ह्या बसण्यानेच मुलाचे नुकसान होते.

सांधा सतत वाकलेला राहिला की त्याच्याभोवतीचे स्नायू आखूड होतात. हाडे वाढतात, स्नायू मागे राहतात. आज हाताने सरळ होणारा पाय काही वर्षांनी होत नाही. कणगाचा वेल कोवळा असतानाच काठीवर वळवावा लागतो. जून झाला की मोडतो.

पोलिओ गेला, 2014 साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. तरी जन्मावेळी मेंदूला इजा होऊन हातपाय ताठ झालेली मुले आजही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले की, अपंग मुलांनीही 5 ते 17 वर्षे वयात शक्यतो रोज सरासरी 60 मिनिटे अंग हलवावे. हा वेळ थोडाथोडा करून भरला तरी चालतो.

घरी काय करावे? ऊन पाण्याने अंघोळ झाल्यावर गुडघा व घोटा हळूहळू सरळ करून वीस-तीस अंक मोजेपर्यंत धरावा. असे चार-पाच वेळा करावे. झटका देऊ नये. मांड्या एकमेकींवर चढत असतील, तर मुलाला कडेवर घेताना पाय दोन्ही बाजूंना फाकून घ्यावे. मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर दोन बांबू आडवे बांधले की त्यांना धरून उभे राहण्याचा, पाऊल टाकण्याचा सराव होतो. पावसाळ्यात हेच बांबू पडवीत बांधावे. कोंबड्यांना दाणे टाकणे, लहान तांब्याने पाणी नेणे हाही व्यायामच आहे, आणि त्यात मुलाला घरात मानही मिळतो.

काही पथ्ये मात्र पाळावी. सांधा सुजला वा गरम असेल, तर तो ताणू नये. आकडी येणाऱ्या मुलाला नदीवर किंवा झाडावर एकटे सोडू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचे हृदय व मान तपासल्याशिवाय कोलांट्या नकोत. व्यायाम सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. 2013 पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते, आशाताईंना विचारावे.

आई शेतावर जाते, तिला वेळ कुठला? हे आम्ही जाणतो. म्हणून हे काम तिच्या एकटीवर टाकू नका. सकाळी आजोबांनी पाय ताणावे, संध्याकाळी भावंडांनी बांबूंपाशी उभे करावे. ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनी शेजाऱ्याकडे दोन बांबू घेऊन जावे.