एकच गाणे, प्रत्येक यंत्रावर आवाज वेगळा का?



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज गाणी ऐकण्याची तीन-चार साधने असतात. मोबाइल आहे, ब्लूटूथ स्पीकर आहे, कोणाला मुलांनी 'सारेगामा कारवाँ' घेऊन दिलेला असतो, आणि कपाटाच्या वरच्या खणात जुना वॉकमन किंवा टेपरेकॉर्डर पडलेला असतो. एकच अभंग या चारही यंत्रांवर लावला तर चार तऱ्हेचा ऐकू येतो. असे का होते आणि महाग यंत्र घेतल्याने किती फरक पडतो, हे आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे विज्ञान थोडे आणि हिशेब जास्त असेल.

आवाजाचा दर्जा तीन ठिकाणी ठरतो : गाणे कशावर व कसे साठवले आहे, यंत्र ते कसे वाचते, आणि शेवटी ते कोणत्या स्पीकरमधून किंवा इअरफोनमधून बाहेर पडते. तिन्हींपैकी जे सर्वांत कमकुवत, तितकाच आवाज आपल्या वाट्याला येतो.

आधी साठवणुकीचे पाहू. फिलिप्स कंपनीने कॅसेट 1963 साली आणली. तिची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. 1979 मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि गाणे खिशात बसले. कॅसेटच्या यंत्रात वेग सांभाळण्याचे काम मोटर आणि बहुधा एक लहानसा रबरी पट्टा करतो. पट्टा सैल झाला की फीत हळू चालते आणि गायकाचा सूर उतरतो. वेग कमी-जास्त झाला की पेटीचा सूर थरथरतो. मागे जी बारीक 'स्स' ऐकू येते, ती फितीची स्वतःची.

1982 मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजून आकड्यांत लिहिलेला असतो, तोही डाव्या-उजव्या बाजूचा वेगवेगळा. चार मिनिटांच्या गाण्याला अशा रीतीने सुमारे 42 एमबी जागा लागते. 2001 मध्ये आयपॉड आला, मोबाइलवर गाणी आली आणि एमपी3 फाइल घरोघरी पोचली. तेच गाणे 128 केबीपीएसच्या एमपी3 मध्ये चार एमबीपेक्षा कमी जागेत बसते. मग उरलेले 38 एमबी गेले कुठे?

बँकेच्या भाषेत सांगायचे तर सीडी म्हणजे रोजकीर्द, एकही नोंद न गाळलेली. एमपी3 म्हणजे गोषवारा. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला सहसा कळत नाही, म्हणून तो वगळून ही फाइल तयार होते. गोषवारा नीट केला, म्हणजे 320 केबीपीएस ठेवला, तर बहुतेकांना मूळ आवाजातला आणि त्यातला फरक सांगता येणार नाही. मात्र 64 केबीपीएसवर टाळ-झांजेचा नाद पाण्यात बुडाल्यासारखा येतो. आणि नोंदींवरून गोषवारा काढता येतो, गोषवाऱ्यावरून गेलेल्या नोंदी परत मिळत नाहीत. हलकी फाइल पुन्हा 320 करून साठवली तर जागा वाढते, आवाज नाही.

आता स्पीकर. डग्ग्याचा घुमारा ऐकू यायचा तर बरीच हवा हलवावी लागते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ते जमत नाही, म्हणून त्यावर तबल्याची चाट ऐकू येते आणि डग्गा हरवतो. साध्या तारेच्या इअरफोनवर तोच डग्गा परत येतो, कारण तो कानाच्या अगदी जवळ असतो. ब्लूटूथमध्ये आवाज पाठवताना तो पुन्हा एकदा आवळला जातो. आधीच हलक्या फाइलचे त्यामुळे आणखी नुकसान होते. वयाचाही भाग आहे. साठीनंतर कानाला तीव्र स्वर कमी ऐकू येतात. म्हणून आमच्या वयाच्या मंडळींनी केवळ आकडे पाहून महाग यंत्र घेऊ नये. आधी चांगली फाइल, मग चांगला इअरफोन किंवा स्पीकर, आणि यंत्राची किंमत शेवटी, असा क्रम ठेवावा.

तुलना घरीच करता येते. जे थोडे मोठ्याने वाजते ते कानाला चांगले वाटते, म्हणून दोन्ही यंत्रांचा आवाज आधी सारखा करावा. मग एकच गाणे लावून तानपुऱ्याची आस, डग्गा आणि टाळ या तीन गोष्टी ऐकाव्यात.

हे सारे सांगण्याचे खरे कारण मात्र कपाटातल्या कॅसेटी आहेत. बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. पण आजीच्या जात्यावरच्या ओव्या, घरच्या लग्नातली मंगलाष्टके, आपल्या भागातली पोवारी लग्नगीते, गणेशोत्सवातल्या नाटकाचे ध्वनिमुद्रण यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. बालाघाटच्या पावसाळी दमटपणात फितीला बुरशी धरते आणि उन्हाळ्याची झळ तिला वाकवते.

बरेच जण टेपरेकॉर्डरसमोर मोबाइल धरून कॅसेट उतरवून घेतात. त्यात पंख्याची घरघर आणि कुकरची शिटीही उतरते. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करावे :

1. फितीवर पांढरट बुरशी दिसल्यास कॅसेट लावू नये, जाणकाराला दाखवावी.
2. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावे. वेग ठीक आहे का, ते ओळखीच्या कॅसेटवर तपासावे.
3. इअरफोनच्या जागी तार लावून ती संगणकाच्या लाइन-इनला जोडावी. आवाजाची पट्टी लाल रंगापर्यंत जाऊ देऊ नये.
4. आधी डब्ल्यूएव्ही फाइल करावी. सीडीच्या दर्जाने 60 मिनिटांच्या कॅसेटला सुमारे 635 एमबी लागतात, म्हणजे अशा वीस कॅसेटी 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात मावतात.
5. नातेवाइकांसाठी तिच्यावरून एमपी3 करावी. व्हॉट्सअॅपवर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.
6. आवाज कोणाचा, प्रसंग कोणता, साल कोणते, हे फाइलच्या नावातच लिहावे आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवावी.

सहावा मुद्दा सर्वांत घाईचा आहे. फितीवरचा आवाज कोणाचा, हे ओळखणारी माणसे आज घरात आहेत. येत्या रविवारी त्यांना शेजारी बसवून एक तरी कॅसेट ऐकावी आणि नावे लिहून घ्यावीत.