मोत्याविषयीचे दोन निर्णय

श्रीदत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री असतात. होळकरांचे कुलदैवत जो मल्हारी मार्तंड, त्याच्या घोड्याबरोबरही कुत्रा असतोच. आणि धर्मराजाने तर कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले. इतका मान असूनही आपल्या घरी कुत्र्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेरच राहिली. उरलेली भाकरी त्याला घालावी, रात्री त्याने भुंकावे, आजारी पडलाच तर अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहावे. बरा झाला तर झाला. आता इंदुरातले वाडे गेले, सदनिका आल्या, आणि अंगणच न उरल्यामुळे कुत्रा उंबरा ओलांडून आत आला. तो मुलांच्या अंथरुणावर झोपतो, आजोबांच्या पायाशी लोळतो. पण तो आत आला त्याच दिवशी त्याच्यामागून एक जबाबदारीही आत आली, हे अद्याप पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही.

दोन महिन्यांचे नर पिल्लू घरी आणले की वर्षभराच्या आत दोन निर्णय घ्यावे लागतात. पिल्लाला आपण मोत्या म्हणू. त्याला कोणत्या लसी केव्हा द्यायच्या, हा पहिला निर्णय. आणि त्याचे निर्बीजीकरण करायचे की नाही, हा दुसरा. काही घरांत हे दोन्ही ‘बघू सावकाश’ या एकाच खुंटीला टांगले जातात. काही घरांत डॉक्टर म्हणतील त्याला मान डोलावून दोन्ही एका दमात उरकले जातात. वास्तविक या दोन गोष्टींची जात वेगळी आहे. लसीच्या बाबतीत मतभेदाला जागा फार थोडी, तिथे तारीख पाळायची. शस्त्रक्रियेच्या बाबतीत विचाराला जागा पुष्कळ, तिथे घाई करायची नाही. जिथे तारीख पाळायची तिथे आपण विचार करीत बसतो आणि जिथे विचार करायचा तिथे तारीख घेऊन मोकळे होतो, यातच बहुतेक घोटाळा आहे.

जिथे चर्चा नको

पिसाळलेल्या कुत्र्याचे भय आपल्याला नवे नाही. सुश्रुताने अलर्काच्या विषाचे वर्णन केले आहे, आणि दंश झालेला मनुष्य पाण्याला भिऊ लागला की त्याची आशा सोडावी, असेही तो सांगून गेला आहे. पुढे ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस देण्यास प्रारंभ केला आणि तो मुलगा वाचला. आपल्याकडे कसौलीला १९०० साली पाश्चर संस्था निघाली. तिथेच डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून जी लस सिद्ध केली, ती पुढे कित्येक दशके देशभर वापरली गेली. बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची दहशत आजही घरोघरी सांगितली जाते ती त्याच लसीची. ती आता इतिहासजमा झाली आहे. आजची लस दंडात दिली जाते आणि तिचा फारसा त्रास होत नाही. एक गोष्ट मात्र सुश्रुताच्या काळी होती तशीच आहे. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की या दुखण्यातून मनुष्य जवळजवळ कधीच वाचत नाही.

माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी शेकडा ९९ प्रकरणांत तो कुत्र्यापासून येतो, आणि जगातल्या अशा मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा. कारण मूल कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेते, आणि ओरखडा उठला तर रागावतील म्हणून घरी सांगत नाही.

म्हणून मोत्या तीन महिन्यांचा झाला की त्याला रेबीजची लस टोचलीच पाहिजे. पुढची मात्रा केव्हा द्यायची ते पशुवैद्य कार्डावर लिहून देतात. आपल्याकडे सामान्यतः दरवर्षी ती पुन्हा दिली जाते. ‘आमचा कुत्रा घराबाहेर पडतच नाही’ हे उत्तर इथे चालत नाही. दार उघडे राहायला एक क्षण पुरतो. तीन महिन्यांच्या आतले पिल्लू निर्धोक, ही समजूतही खोटी आहे. पिल्लालाही रेबीज होतो आणि त्याच्या दातांतूनही तो पसरतो. आणखी एक गोष्ट गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवावी. कुत्र्याला लस दिलेली असली तरी चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट यांतले काहीही जखमेला लावू नये.

हे काम संघटितपणे केले तर काय होते, ते गोव्याने दाखवले आहे. तिथे २०१३ नंतर गावोगाव, वाड्यावाड्यांवर कुत्र्यांना धरून लस देण्याची मोहीम चालली, शाळांतून मुलांना शिकवले गेले. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत त्या राज्यात रेबीजने एकही मनुष्य दगावल्याची नोंद नाही. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कुत्री मारून हे साधले नाही, लस देऊन साधले.

‘गावठी कुत्र्याला काही होत नाही’

उरलेल्या लसी कुत्र्याच्या स्वतःच्या जिवासाठी आहेत. डिस्टेंपर हा रोग जुना. देवीच्या लसीचा जनक एडवर्ड जेन्नर यानेही १८०९ साली त्यावर निबंध वाचला होता. पार्व्हो त्या मानाने नवा. १९७८ च्या सुमारास तो एकाएकी जगभर पसरला. रक्ताची हगवण आणि उलट्या यांनी तो दोन-तीन दिवसांत पिल्लू नेतो, आणि त्याचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतात. यकृताची सूज आणणारा ॲडिनोव्हायरस हा तिसरा. या तिन्हींवरची लस एकत्रच मिळते.

ही लस तीन-तीन, चार-चार वेळा का द्यायची, डॉक्टर पैसे तर काढीत नाहीत ना, अशी शंका अनेकांना येते. तिचे कारण पिल्लाच्या आईत आहे. आईच्या दुधातून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये काही आठवडे पिल्लाच्या रक्तात असतात. तोवर ती पिल्लाला राखतात, पण दिलेली लसही निकामी करतात. ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचे निराळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून आरंभ करून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत मात्रा द्यायच्या. दोन मात्रा देऊन शेवटची चुकवणे म्हणजे भिंत बांधून दार न बसवणे होय.

इंदुरात पावसाळ्यात जिथे पाणी तुंबते आणि उंदीर-घुशी फिरतात, तिथे लेप्टोस्पायरोसिसची लसही डॉक्टरांना विचारून घ्यावी. हा रोग उंदरांच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून कुत्र्यात आणि कुत्र्यातून माणसातही येऊ शकतो.

‘गावठी कुत्रा काटक, त्याला काही होत नाही’ असे म्हणणारे आपल्या अवतीभवती पुष्कळ आहेत. ते खोटे बोलत नाहीत, फक्त मोजदाद अर्धीच करतात. थंडीत गल्लीत सहा पिल्ले झाली आणि उन्हाळ्यात त्यांतले एक धडधाकट फिरताना दिसले, की आपण त्या एकाकडे बघून काटकपणाचे गोडवे गातो. उरलेली पाच आपल्या हिशेबात येतच नाहीत.

लसमालिका पुरी होईतो पिल्लाला रस्त्यावर, बागेत सोडू नये. मात्र त्याला कोंडूनही ठेवू नये. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत त्याने माणसे, वाहने, आवाज पाहिले नाहीत तर तो जन्माचा भित्रा होतो. कडेवर घेऊन त्याला राजवाड्यापर्यंत फिरवून आणावे, पण पाय जमिनीला लावू देऊ नयेत.

जिथे विचार हवा

आता दुसरा निर्णय. याची चर्चा घरात निघाली की आजी म्हणतात, “मुक्या जिवाला कशाला कापता?” वडील मंडळी विषय बदलतात, आणि मुलगा मोबाइलवर वाचून आलेली दहा मते एकदम मांडतो. गंमत अशी की शेतावरच्या खोंडाला बडवून त्याचा बैल करण्यात आपल्या पूर्वजांना कधी काही वावगे वाटले नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र घरच्या पुरुषांनाच अधिक कळवळा येतो!

शस्त्रक्रियेत काय करतात ते आधी समजून घ्यावे. पुरुषांच्या नसबंदीत नुसती नळी बांधतात. इथे दोन्ही वृषण काढून टाकतात. कुत्र्याला पूर्ण भूल देतात, छोटीशी चीर घेतात, आणि दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात. तेवढे दिवस त्याला जखम चाटू द्यायची नाही आणि उड्या मारू द्यायच्या नाहीत. एवढी राखण करायला घरात कोण आहे, हाही निर्णयाचाच भाग आहे.

लाभ उघड आहेत. वृषणाच्या गाठींचे भय उरत नाही, म्हातारपणी प्रोस्टेट वाढून होणारा त्रास टळतो. भाद्रपदातल्या कुत्र्यांची उपमा आपली भाषा कुणाकुणाला देते ते सांगायला नको. त्या दिवसांत मादीच्या वासामागे पळण्याची ओढ पुष्कळ कमी होते. हा लाभ लहान नाही. पळालेला कुत्रा गाडीखाली येतो, झुंडीत भांडतो, चावे घेऊन परततो, आणि रेबीजची वाट नेमकी तिथूनच आहे.

पण शस्त्रक्रियेच्या पदरी नको ते श्रेयही घालू नये. भीतीपोटी गुरगुरणारा, चावणारा कुत्रा याने शांत होईलच असे नाही. क्वचित अधिक बावचळतोही. त्याला शिकवण हवी, शस्त्र नव्हे. शिवाय शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते आणि अंगाची गरज घटते. आहार न आवरल्यास मोत्याचा वर्षभरात गणोबा होतो.

वयाचा प्रश्न तर खरोखर बारकाईचा आहे. वृषणांतून स्रवणारी द्रव्ये हाडांची वाढ वेळेवर थांबवतात. ती लवकर नाहीशी झाली तर जड अंगाच्या कुत्र्यांत सांध्यांची दुखणी वाढतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० साली पस्तीस जातींच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या, त्यांत हेच दिसले. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांच्यात लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने सांध्यांचा धोका वाढला. लहान चणीच्या बहुतेक जातींत तसा फरक पडला नाही. तेव्हा लहान चणीच्या कुत्र्याची शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या सुमारास करता येते, मोठ्या जातीच्या कुत्र्याची वाढ पुरी होईपर्यंत थांबणे श्रेयस्कर. थांबायचे ठरले तर मात्र दार आणि साखळी दोन्ही आपल्या हाती हवीत.

एका बाबतीत मात्र फार विचार नको. सहा महिन्यांनंतरही एक वृषण खाली उतरले नसेल, तर पोटात राहिलेल्या त्या वृषणात गाठ होण्याचा संभव बराच अधिक असतो. तिथे ते काढून टाकणेच हिताचे.

विचारायला लाजू नये

आपल्या शेजारी महूला १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पण पशुवैद्यांना गुरांचे डॉक्टर समजून त्यांच्यापाशी मोजके बोलायची आपली सवय अजून जात नाही. पहिल्याच भेटीत प्रश्नांची चिठ्ठी न्यावी. याचे वजन पुढे किती होईल? दोन्ही वृषणे उतरली आहेत का? भुलीआधी रक्त तपासणार का, किती तास उपाशी ठेवायचे? लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे. क्वचित एखाद्याच्या तोंडावर सूज येते, त्यावर तत्काळ उपाय करता येतो. आजारी पिल्लाला त्या दिवशी लस देऊ नये, आणि जंताचे औषध वेळेवर द्यावे.

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचे जंतनाशन, लसीकरण आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ‘निगमवाले काही करत नाहीत’ असे म्हणताना आपल्या घरचे कार्ड एकदा काढून पाहावे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे आणि तो एका मोत्याने सुटणार नाही. पण गल्लीतले मूल मोत्याच्या गळ्यात हात टाकते, तेव्हा ते नियम वाचून येत नाही. त्या कार्डावरची तारीख कुणीतरी पाळली असेल, एवढ्याच विश्वासावर येते.