उंदीर वाचला, म्हणून माणूस वाचेल?

हळदीतल्या कर्क्युमिनने उंदरांमधला आतड्याचा कर्करोग कमी केला, एवढ्यावरून माणसाला हमी देता येत नाही. अशा चाचण्यांत उंदरांना अ‍ॅझॉक्सिमिथेन हे कर्करोगकारक रसायन टोचतात आणि मोठ्या आतड्यातले विकृत ग्रंथींचे पुंजके मोजतात; पण प्रत्येक पुंजक्याची गाठ होत नाही. गव्हाच्या कोंड्याने प्राण्यांत आशा दाखवली, तरी २००० साली प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या वाढी) पुन्हा होणे घटले नाही.

मग प्राण्यांवरचे प्रयोग व्यर्थ का? नाही. प्रत्येक घटक हजारो माणसांवर वर्षानुवर्षे तपासणे अशक्य आहे. प्राण्यांत आधार मिळालेल्या कॅल्शियमने १९९९च्या मानवी चाचणीत पॉलिप थोडे तरी कमी केले. म्हणून प्राण्यांवरच्या निष्कर्षाने पुढची चाचणी ठरवावी, आपले जेवण नव्हे.